बुधाजीच्या अंगणातली सोंगं

गुढीपाडवा होऊन आठ दिवस झाले होते आणि बुधाजीच्या अंगणात अजून शिमग्याची सोंगं येतच होती. निदान तो तरी तसं म्हणत होता. मी सकाळी शेवग्याच्या शेंगा घेऊन त्याच्याकडे गेलो, तर राम राम राहिला बाजूला, पडवीतूनच माझ्यावर उखडला.

“बाळादा, तू गावातला जाणता ना? मग त्या सुजितला नि त्याच्या टोळीला समजाव की. शिमगा सरला, पाडवा झाला, उद्या रामनवमी. सोंगं आता पुरे म्हणावं. घास तोंडात घालतोय तर समोर उभी. पोस्त तरी किती घालायचं माणसानं?”

लांबच्या वाचकांना सांगतो. आमच्या या किनाऱ्याला शिमग्यात पोरं लुगडी नेसून, तोंडाला रंग फासून, सोनेरी कागदाचे मुकुट घालून दारोदार फिरतात. ती सोंगं. ती अंगणात नाचतात आणि आपण त्यांना नारळ, तांदूळ, घरात असेल ते घालायचं. ते पोस्त. आमच्या गावात यात एक नियम फार कडक. सोंगाला ओळखायचं नाही. सख्खा पुतण्या लुगडं नेसून उभा असला आणि त्याच्या पायातल्या चपला आपल्याच असल्या, तरी ‘अरे, तू का’ असं म्हणायचं नाही. माझ्या लहानपणी शेजारच्या काकूनं भर अंगणात सोंगाला हाक मारली आणि तो निघाला तिचा नवरा. सोंगाला ओळखलं ते ओळखलं, वर नवऱ्याचं नाव घेतलं. त्या काळी हे दोन्ही गुन्हे. बिचारी पुढचे तीन शिमगे घरातून बाहेर आली नाही.

तर या नियमापायी बुधाजीनं त्या सोंगांना ‘कोणाची रे तुम्ही’ असं एकदाही विचारलं नव्हतं. येतील तेव्हा मूठभर तांदूळ अंगणाच्या कडेला ठेवायचा आणि हात जोडायचा. तांदूळ कोंबड्या खात होत्या, त्यामुळे ते संपत होते, त्यामुळे त्याला सगळं ठीकच वाटत होतं.

बुधाजी माझ्याहून वर्षानं लहान, म्हणजे पंचाहत्तरचा. सगळा जन्म वाड्यांतून पोफळीवर चढण्यात गेला. सुपारी काढणारा कसबी माणूस एकेका झाडावरून खाली उतरत नाही. शेंड्याला झोका देतो आणि शेजारची पोफळ पकडतो. बुधाजी असा तीस-तीस झाडं जायचा. एकदा तो आपल्या नादात गाणं म्हणत गेला तो मालकाची वाडी संपवून कुंपणावरून माझ्या वाडीत, आणि माझे सहा घड उतरवून मोकळा. खाली उतरला तेव्हा मी दात कोरत उभा. म्हणाला, “बाळादा, तू माझ्या मालकाच्या वाडीत काय करतोस?” असा माणूस.

मग वय झालं. वादळात निम्म्या पोफळी झोपल्या, पाठोपाठ बायको गेली. तो खाली बसून सुपारी सोलायला आणि निवडायला लागला. आणि दोन वर्षांपूर्वी डोळे. मोतीबिंदू काढला, पण शिबिरातल्या डॉक्टरनं सांगितलं की आतला पडदा झिजलाय, आता आहे त्यावर भागवा. त्याला कडेकडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. माणूस समोर आला की हात दिसतात, धोतर दिसतं, तोंडाच्या जागी पुसल्यासारखा डाग. म्हणून तो कोंबडी दाण्याकडे बघते तशी मान वाकडी करून बघतो. नव्या माणसाला वाटतं, म्हातारा खवचट आहे. खवचट तो आहेच, पण मानेचं कारण वेगळं.

मी तसाच सुजितकडे गेलो. सुजितनं समुद्राच्या वाटेवर होमस्टे काढलाय. दोरीवर चादरी वाळत घालत होता.

“काय रे, सोंगं काढायला लाज वाटत न्हाय? पाडवा झाला!”

“आजोबा, कसली सोंगं? शनिवारपासून सोळा चादरी धुतल्यात मी. हेच सोंग हाय माझं.”

“मग बुधाजीकडं रोज कोण जातंय? मुकुट घालून?”

त्यानं एक चादर झटकली, विचार केला आणि म्हणाला, “ते शूटिंगवाले नसतील? लग्नाआधी फोटो काढायला येतात बघा जोडपी. परवा एक पोरगी राणी होऊन आली होती. पाच हात मागं पदर. वाडीत घुसली असतील.”

हे मला एकदम पटलं. मला कुठलीही गोष्ट एकदम पटते, हा माझा जुना दोष आहे असं माझी बायको सगुणा म्हणते. मी घरून काठी घेतली आणि दुपारी बुधाजीच्या पडवीत जाऊन दबा धरून बसलो. फोटोवाले आले की त्यांना चांगलं सुनवायचं म्हणून वाक्यंही जुळवून ठेवली होती.

अंगणात सुपारी वाळत घातलेली. आख्खं अंगण भरून, पाय ठेवायला जागा नाही. ऊन रणरणतं. कोंबडी एक, तीही सावलीला. तासभर झाला. मला डुलकी लागणार एवढ्यात बुधाजीनं माझ्या गुडघ्यावर थाप मारली.

“आले. चौघं हायेत. बघ, हिरवं लुगडं, डोक्यावर मुकुट. एक बारकं पोरगं पण हाय आज.”

मी उठून उभा राहिलो. काठी सरसावली. “कुठं?”

“कुठं काय? समोर! तुझ्या काठीसमोर! सुपारीवर उभे हायेत, तुडवतायत बघ माझी सुपारी!”

मी डोळे चोळले. चष्मा काढला, पुसला, घातला. अंगण, सुपारी, कोंबडी. मला वाटलं, आता माझे डोळे गेले. खरंच सांगतो, पहिला विचार हाच आला की बुधाजीला दिसतंय आणि मलाच दिसत नाही. मी लाजेकाजेस्तव म्हणालोसुद्धा, “हां हां, ते होय.”

पण बुधाजीचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. मान वाकडी करून, बघत नव्हता, ऐकत होता. साठ वर्षं सुपारीत काढलेला माणूस. वाळत आलेल्या सुपारीवरून मांजर गेलं तरी ती घरंगळते, कडकड वाजते. चार माणसं उभी राहिली तर अंगणभर आवाज व्हायला हवा.

“बाळादा,” तो हळूच म्हणाला, “सुपारी वाजत न्हाय.”

मी काठी भिंतीला टेकवली.

“तुला दिसतायत का रे?”

“न्हाय.”

“एक पण न्हाय?”

“कोंबडी हाय,” मी म्हणालो.

तो भिंतीला टेकून बसला. म्हणाला, “कोणाला सांगू नको. तुला तुझ्या पोरांची शपथ.”

त्याला कसली भीती होती ते मला ठाऊक होतं. त्याचा एक मामा होता. हवेशी बोलायचा, हातवारे करायचा. घरच्यांनी त्याला गोठ्यात खांबाला बांधून ठेवलं, आणि तो तिथंच गेला. सात-आठ वर्षांचा बुधाजी त्याला भाकरी नेऊन द्यायचा. मामा भाकरी घ्यायचा आणि पोराला विचारायचा, ‘मला सोडशील का?’ त्याला सोडता यायचं नाही. हे बुधाजीनं मला जन्मात एकदाच सांगितलं होतं, पण मी विसरलो नव्हतो. त्याच्या मनानं घेतलं होतं की ते रक्त आता त्याच्यात उठलं. सोंगं त्याला छळत नव्हती, मारत नव्हती, बोलतही नव्हती. पण आपण वेडे झालो आणि ते लोकांना कळलं तर काय होतं, हे त्यानं पाहिलेलं होतं.

आता मला सांगा, मी गुपित ठेवणारा माणूस दिसतो का? मी घरी गप्प बसलो तर सगुणा ताप बघायला कपाळाला हात लावायची. पण शपथ ती शपथ. आम्ही दोघं म्हातारे मग आपल्याच डोक्यानं उपाय करायला लागलो. मी म्हटलं, वाडीचा राखणदार देव असेल, त्याची राखण, म्हणजे वर्षाचा मान, द्यायची राहिली असेल. वाडीच्या कोपऱ्यातल्या दगडापाशी नारळ ठेवला, हात जोडले, चुकलंमाकलं म्हटलं. दुसऱ्या दिवशी विचारलं, काय फरक?

“हाय फरक,” बुधाजी म्हणाला. “नारळ बघून आणखी दोघं आली.”

आता मोठी पंचाईत ही की खरं कोण आणि खोटं कोण, ते त्याला कळेना. खऱ्या माणसाचं तोंड त्याला दिसत नाही. सोंगांची मात्र तोंडं दिसतात, मिशीचा केस न् केस दिसतो, लुगड्याची नक्षी दिसते. म्हणजे जे आहे ते धुरकट आणि जे नाही ते लख्ख! डोक्याला मुंग्या येतील नाही तर काय. मी त्याच्या समोर उभा राहून विचारायचो, “मी कसा दिसतो?” तो म्हणायचा, “तू न्हाय दिसत नीट, म्हणजे तू खरा.” हे ऐकून समाधान मानायचं की वाईट वाटून घ्यायचं, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

मग त्यानं एक नियम केला. समोरचा बोलल्याशिवाय आपण बोलायचं नाही. त्याचा परिणाम असा झाला की वाटेनं जाणारा हात वर करून गेला तरी बुधाजी ढिम्म. आमच्याकडे दारावरून जाणाऱ्याला ‘काय, कुठं?’ असं विचारलं नाही तर तो महिनाभर लक्षात ठेवतो. लोक म्हणायला लागले, बुधाजीला शिष्टपणा आला. मग तेही हात वर करेनासे झाले. तो दुकानात जायचा बंद झाला, देवळाच्या पायरीवर बसायचा बंद झाला. भात करायचा, अर्धा कोंबड्यांना घालायचा. मी गेलो की एकच प्रश्न, “बाळादा, आज मी कसा बोलतोय? सरळ बोलतोय ना?” तो सरळच बोलत होता. त्याच्याशी बोलून बोलून मीच वाकडा बोलायला लागलो होतो.

आणि एक दुसरी युक्ती त्यानं काढली, ती मला ठाऊक नव्हती. जवळ पाच-सहा सुपाऱ्या ठेवायचा. समोर कोणी उभं दिसलं आणि बोललं नाही, की सुपारी फेकायची. आरपार गेली तर सोंग.

वैशाखातली गोष्ट. त्याची मुलगी क्रांती खाडीपलीकडे मुरुडला दिलीय. ती श्रीवर्धनला एका लग्नाला आली होती. तिथून परतताना म्हणाली, बाबांना तोंड दाखवून जाऊ. अंगात हिरवा शालू, केसांत गजरा, गळ्यात सगळं होतं नव्हतं ते. वाळत घातलेली सुपारी टाळून अंगणाच्या कडेला आली आणि, पोरीची जात, मुद्दाम काही न बोलता उभी राहिली. बाबा ओळखतात का बघू म्हणून. मी पडवीच्या पायरीवर बसलो होतो. मी तिला पाहिलं, तिनं मला ओठांवर बोट ठेवून खूण केली. मीही गंमत म्हणून गप्प बसलो. ही माझी चूक, आणि ती मी कुठंही कबूल करतो.

बुधाजीनं मान वाकडी केली. हिरवं लुगडं, झगमग. शेजारी हात घातला आणि सुपारी मारली.

साठ वर्षं सुपारीत मुरलेला हात. बरोबर कपाळावर.

“आई गं!” क्रांती मटकन खाली बसली.

बुधाजी ताडकन उठला. “बाळादा, ओरडली! आज ओरडली!”

“अरे, क्रांती हाय ती!” मी ओरडलो.

मग जो गोंधळ झाला तो विचारू नका. क्रांतीच्या कपाळावर आवळ्याएवढं टेंगूळ. ती रडतेय, “बाबा, मला मारलंत? मी काय केलं?” बुधाजी तिला चाचपत अंगणभर फिरतोय, ती डावीकडे आणि तो उजवीकडे. सुपारी पायाखाली घरंगळतेय, मी पाणी आणायला धावलो तो घसरून बसलो. आवाज ऐकून सगुणा आली. तिनं आल्या आल्या मलाच विचारलं, “आता काय केलंत तुम्ही?”

टेंगळावर ओला फडका बसल्यावर क्रांती शांत झाली, पण ते शांत होणं मला रडण्याहून जड वाटलं. तिनं फोन काढला. नवऱ्याला म्हणाली, “बाबांचं डोकं ठिकाणावर न्हाय. माणसं ओळखत न्हाईत. घर बंद करून घेऊन येते त्यांना. एखाद्या मोठ्या डॉक्टरकडं ठेवावं लागेल.”

बुधाजीनं ‘ठेवावं लागेल’ एवढंच ऐकलं. तो पडवीच्या खांबापाशी गेला, खाली बसला आणि दोन्ही मनगटं एकावर एक ठेवून पुढे केली.

“बांध,” म्हणाला. “हितंच बांध पोरी. गोठ्यात नको.”

क्रांतीच्या हातातला फोन तसाच राहिला. पलीकडून नवरा हॅलो हॅलो करत होता. तिला मामाची गोष्ट कोणी कधी सांगितलीच नव्हती. ती माझ्याकडे बघायला लागली.

मी शपथ मोडली. सोंगं, पोस्त, तांदूळ, राखण, न वाजणारी सुपारी, गोठ्यातला मामा, सगळं एका दमात सांगितलं. माझी पोरं अजून धडधाकट आहेत, म्हणजे देवानं समजून घेतलं असावं. सगुणा ऐकत होती. सगळं झाल्यावर ती बुधाजीला म्हणाली, “भावोजी, तुम्हाला मधलं दिसत न्हाय, तिथंच ही माणसं दिसतात का?”

“व्हय. तिथंच.”

“मग डोळ्याच्या डॉक्टरला विचारलंत का?”

बुधाजी म्हणाला, “डोळ्याच्या डॉक्टरला कशाला? डोळ्यानं कमी दिसतंय, जास्त न्हाय.”

आणि मलाही ते बरोबरच वाटलं. कमी दिसणं हा डोळ्याचा आजार, जास्त दिसणं हा डोक्याचा. महिना-दीड महिना आम्ही दोघं याच हिशेबानं चाललो होतो. त्या वेळी सगुणानं माझ्याकडे कसं पाहिलं ते लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी क्रांती, बुधाजी आणि मी मुरुडच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायला दिघीहून फेरीबोटीनं आगरदांड्याला निघालो. मला कोणी बोलावलं नव्हतं, पण असल्या वेळी बोलावण्याची वाट बघायची नसते. क्रांती कपाळावर पदर ओढून बसली होती. बुधाजी कठड्याला घट्ट धरून माझ्या कानात विचारत होता.

“तो पिवळ्या टोपीवाला खरा का?”

“खरा. तिकिटं फाडतोय.”

“त्याच्या बाजूची राणी?”

“तिथं मोटारसायकल हाय.”

“आणि हे छत्री घेतलेले दोघं?”

मी पाहिलं. तिथं छत्री घेतलेला एकच माणूस होता. आता यातला कुठला खरा सांगायचा? मी म्हणालो, “अर्धे खरे हायेत.” तो म्हणाला, “तुला काय विचारून फायदा न्हाय.”

मुरुडला डोळ्यांची डॉक्टर म्हणजे मृणाल नावाची तरणी पोरगी. तिनं डोळ्यांत थेंब घातले, दिवा मारून आत पाहिलं, कागदावरच्या चौकटी दाखवल्या. बुधाजी सगळं निमूट करत होता. सोंगांची गोष्ट कशी काढावी ते क्रांतीला कळत नव्हतं आणि मला बोलू नका म्हणून बजावलेलं होतं. तेवढ्यात त्या पोरीनं खुर्ची पुढे ओढली आणि, आपण ‘चहा घेणार का’ म्हणतो तशा सुरात, विचारलं, “आजोबा, कधी नसलेलं काही दिसतं का? माणसं, फुलं, नक्षी, असं काही?”

बुधाजीनं मान वाकडी करून तिच्याकडे पाहिलं. “का?”

“तुमच्यासारखे डोळे झालेल्या पुष्कळ जणांना दिसतं. सांगत मात्र कोणी नाही.”

“पुष्कळ?”

“पुष्कळ. बोलतात का ती माणसं?”

“न्हाय.”

“आवाज, वास, काही?”

“काय न्हाय.”

“ती खरी नाहीत हे तुम्हाला कळतं?”

“सुपारी वाजली न्हाय तेव्हा कळलं.”

हे तिला कळलं नाही, पण तिनं मान डोलावली. मग विसरायला होतं का, नवी औषधं सुरू केलीत का, ताप येऊन गेला का, झोप कशी, जेवण कसं, हेही विचारलं. जेवणाचं विचारल्यावर क्रांती रडायला लागली.

त्या पोरीनं जे सांगितलं ते मी घरी येऊन लगेच वहीत उतरवून ठेवलं, नाहीतर माझ्या तोंडून त्याला पाय फुटले असते. डोळ्याकडून मेंदूला चित्रं जातात. मधला पडदा झिजला की तिथून चित्र जात नाही. मग मेंदू त्या रिकाम्या जागेत आपल्याच पदरची चित्रं लावतो. याला बॉने नावाच्या एका परदेशी माणसाचं नाव आहे. त्याच्या आजोबांना असंच दिसायचं, त्यानं ते लिहून ठेवलं. हे वेड नाही.

“म्हणजे वेड न्हाय?” बुधाजीनं विचारलं.

“नाही.”

“माझा मामा...”

“मामांचं मला माहीत नाही आजोबा. तुमचं मी डोळ्यात बघून सांगते. नाही.”

“मग बांधायला नको?”

तिनं खुर्ची आणखी जवळ घेतली. “कोणी बांधणार नाही.”

पुढचं तिनं लपवलं नाही. गेलेली नजर परत येणार नाही. सोंगं हळूहळू कमी होतील, वर्ष-दीड वर्ष लागेल, कदाचित राहतीलही. आली की दिवा लावायचा, डोळे चारदा डावीकडे-उजवीकडे फिरवायचे, उठून चार पावलं टाकायची, बहुतेक वेळा जातात. एकटं बसून राहायचं नाही. आपल्या साध्या डॉक्टरलाही एकदा रक्त-बिक्त दाखवून घ्यायचं. आणि घरच्यांना, शेजाऱ्यांना सांगून ठेवायचं.

सांगून ठेवायचं काम मी आनंदानं अंगावर घेतलं. सकाळी दुधाच्या वेळेला सुरुवात केली ती नऊपर्यंत गाव पुरं केलं. थोडा घोटाळा झालाच. वरच्या आळीला असं कळलं की बुधाजीला परदेशातल्या आजोबांची माणसं दिसतात, आणि सुजित विचारायला आला की पर्यटकांना दाखवता येतील का. पण एक गोष्ट बरी झाली. लोक त्याच्या अंगणात शिरताना नाव सांगायला लागले. “मी सगुणा, भावोजी.” “मी सुजित, खरा सुजित.” बुधाजी पडवीतून म्हणायचा, “खरा का ते बसल्यावर बघू.” क्रांती घर बंद न करता परत गेली. रोज संध्याकाळी फोन करते आणि पहिलं विचारते, “बाबा, आज कितीजण?” तो सांगतो. कधी सात, कधी एकही नाही. एकही नाही असलं की जरा खट्टू होऊन सांगतो, हे माझं मत.

मागच्या मंगळवारची गोष्ट. आम्ही दोघं पडवीत बसलेलो. अंगणात एक बाई येऊन उभी राहिली. बोलेना. बुधाजीनं मान वाकडी केली आणि डोळे फिरवायला लागला. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे. बाई जाईना. त्यानं पुन्हा चारदा फिरवले.

“मेल्या बुध्या,” बाई म्हणाली, “माझ्याकडं बघून डोळे काय मोडतोस? लाज हाय का या वयात?”

खालच्या आळीची रंगू. ऐंशीला टेकलेली, डोळ्यांनी अधू, काठी टेकत एवढ्या लांब आलेली. मी तिला हात धरून बसवलं. ती बसली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मी विचारलं, पाणी? नको. काही काम होतं? नव्हतं. मग मला म्हणाली, “बाळ्या, तू जरा त्या तिकडं जा.”

मी गेलो. म्हणजे खांबाच्या पलीकडे गेलो.

“बुध्या,” ती म्हणाली, “माझ्या भिंतीवर वेल चढतो रे. निळ्या फुलांचा. दोन वर्षं झाली. सून भिंत पुसते नि तो तिच्या हातावर चढतो. मी कोणाला बोलले न्हाय. म्हटलं, म्हातारी चळली म्हणतील. कुठंतरी नेऊन टाकतील.”

बुधाजीनं आपली पाटाची जागा सोडली आणि तिच्या समोर सरकून बसला. मान सरळ केली, गुडघ्यांवर हात ठेवले. मुरुडच्या त्या पोरीनं बोलावं तसा आवाज काढला.

“वास येतो का फुलांना?”

“न्हाय.”

“पानं वाजतात का?”

“न्हाय रे.”

“तो खरा न्हाय हे तुला कळतं का?”

रंगूनं विचार केला. “कळतं. पण छान हाय.”

हे उत्तर त्याला अपेक्षित नव्हतं. तो गोंधळला, माझ्याकडे, म्हणजे खांबाकडे, बघून म्हणाला, “बाळादा, छान असलं तर काय करायचं, ते विचारलं होतं का रे आपण?”

नव्हतं विचारलं. मी वही आणून पाहिलं, त्यात कुठंच नव्हतं.

“मग विचारू,” तो म्हणाला. “रंगू, तू वेडी न्हायस. एवढं मी सांगतो. बाकीचं ती सांगेल. गुरुवारी फेरीनं जाऊ. सुनेला घेऊन ये, तिला पण ऐकू दे.”

रंगूनं डोळे पुसले आणि विचारलं, बोटीत वारं फार लागतं का.